इजिप्तच्या बाईची शृंगारपेटी

पर्सच्या तळाशी सेफ्टी पिना जमतात ना, तसे आमच्या नोकरीत किस्से जमतात. कोणी मुद्दाम ठेवत नाही, पण पर्स उलटी केली की मूठभर निघतात! माझी सगळी नोकरी रायपूरच्या एका म्युझियममध्ये गाइड लेक्चरर म्हणून गेली. लोकांना वाटतं, म्युझियमची नोकरी म्हणजे दगडांमध्ये बसून जांभया देणं. दगड बिचारे गप्प असतात हो. दगड बघायला येणारी माणसं गप्प असतात का?

चौबे कॉलोनीत आमच्या घरी चार माणसं जमली की चहा येईपर्यंत कोणीतरी म्हणतंच, "ढोबळे वहिनी, ते पेटीचं सांगा ना!" पेटी म्हणजे आमच्या म्युझियममधली इजिप्तची शृंगारपेटी. तर आज पेटीचंच सांगते.

टिफिनच्या डब्याहून थोडी मोठी, लाकडी. तीन हजार वर्षांहून जुनी. वर सरकवायचं झाकण, आत चार खण, एका खणात दगडाची इवलीशी बरणी आणि बरणीच्या तळाला काजळाचा काळा डाग अजून तसाच! बाकीच्या तीन बरण्या कधी हरवल्या कोणाला ठाऊक नाही. झाकणावर एक बाई रंगवलेली. हातातलं कमळ नाकाशी धरलेलं, डोळ्यांत कानापर्यंत काजळ. आमच्या भागातले एक जमीनदार विलायतेहून परत येत होते, वाटेत जहाज इजिप्तला थांबलं, तिथे त्यांनी ती हौसेनं विकत घेतली. पुढे त्यांच्या वारसांनी एका वाघाच्या मुंडक्याबरोबर ती म्युझियमला देऊन टाकली. वाघाला कसर लागली, पेटी टिकली.

ती टिकली ती मेश्राम मॅडममुळे. मेश्राम मॅडम आमच्या कीपर, म्हणजे सगळ्या वस्तूंची जबाबदारी त्यांच्यावर. भंडाऱ्याच्या, वडील रेल्वेत. त्या आल्या तेव्हा पेटी स्टोअरमधल्या पत्र्याच्या ट्रंकेत पडली होती. त्यांनी ती बाहेर काढली, शोकेस करून घेतली, वरच्या मजल्यावर जागा दिली. तिची धूळ त्या स्वतः काढायच्या, दाढीच्या मऊ ब्रशनं, श्वास रोखून. दुसऱ्या कोणाला हात लावू देतील तर शपथ!

आणि हीच पेटी एका वर्षी आमच्या हातून जायला निघाली होती.

*

झालं असं की नवं राज्य झालं आणि रायपूर राजधानी झालं. गावात इतके साहेब आले की बंगले कमी पडायला लागले. जे बंगले मिळाले ते रिकामे. मग कुठल्या ऑफिसातून सोफा ने, कुठून गालिचा ने, असं सुरू झालं. आणि कोणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं की शोभेच्या वस्तू म्युझियममध्ये पडूनच असतात!

एका बड्या साहेबांकडे आमच्या दोन जुन्या पितळी समया गेल्या. "दो-चार महीने की बात है," असं त्यांचे पीए दुबेजी म्हणाले होते. समया परत आल्या त्या पावसाळ्यानंतर. वरची वात लावायची जागा कापून तिथे होल्डर बसवला होता, बल्ब लावला होता, खालून वायर आणि प्लग!

मॅडम समयांकडे बघत नुसत्या उभ्या राहिल्या. आमचे गॅलरी अटेंडंट साहूजी, रायपूरच्याच पुरानी बस्तीतले, स्वभावानं गरीब. त्यांनी प्लग भिंतीत लावून बघितला आणि धीर दिला, "मैडम, एक बात अच्छी है. अब जलते भी हैं!"

पुढच्या उन्हाळ्यात त्याच बंगल्याचा फोन आला. साहेब मध्ये कुठल्याशा उद्घाटनाला आले होते, तेव्हा त्यांनी पेटी पाहिली होती. बाईसाहेबांचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, ड्रॉइंग रूम सजवणं चालू होतं. दुबेजी म्हणाले, "वो मिस्र वाली डिब्बी भिजवा दीजिए." मॅडम म्हणाल्या, "नहीं दे सकते." दुबेजींनी मॅडमशी वाद घातला नाही. ते सरळ आमच्या डायरेक्टर साहेबांशी बोलले, आणि डायरेक्टर साहेब कोणालाच नाही म्हणत नसत.

ठरलं असं की दिवाळीनंतर बाईसाहेब स्वतः येतील आणि घेऊन जातील. लाकूड ते! एसीत, अगरबत्तीच्या धुरात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हाताळण्यात वर्षभरात रंगाचे पापुद्रे उडाले असते. ती परत येणार नाही हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. मॅडमच्या निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते आणि त्यांचा जीव त्या पेटीत अडकला होता. म्हणून त्या वर्षीचे किस्से सांगताना मला हसू येतं, पण घडताना हसू येत नव्हतं.

*

श्रावणात आमच्या मराठी महिला मंडळाची सहल आली. पुढारी अर्थात आमच्या शेजारच्या कुंदाकाकू. काकू म्हणजे नागपूरचं माहेर, रेल्वेतला नवरा आणि प्रत्येक गोष्टीवर स्वतःचं मत.

पेटी बघताच काकू ओरडल्या, "अवं, करंडाच व हा! आमच्या सासूबाईचा अस्साच होता. फक्त पितळंचा होता, गोल होता, आन् त्याच्यावर बाई नव्हती."

मी म्हटलं, बरं. मग मी माझं नेहमीचं भाषण सुरू केलं. इजिप्तचे लोक फार पुढारलेले, बायकाच काय पुरुषही काजळ घालत, आणि काजळ करायचे शिशाच्या खनिजाची पूड करून.

"शिसं? डोयात?" काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अवं, एरंडेलाचा दिवा लावाचा, वर तवा पालथा घालाचा, काजळी लोण्यात खलाची. इतकं सोपं असून शिसं काहून घालत होते?"

"काकू, त्यांची पद्धत तशी होती. फार मोठी संस्कृती होती ती."

"मंग आता कुठी आहेत ते लोकं?"

"ते? ते केव्हाच गेले, काकू. हजारो वर्षं झाली."

"जातीनच! डोयात शिसं घालून कोणी टिकते काय?"

सगळं मंडळ "हो बाई, हो बाई" करत पुढच्या दालनात गेलं. माझं भाषण तिथेच आटोपलं.

पुढच्या आठवड्यात काकू एकट्याच आल्या. हातात स्टीलची डबी, डबीत घरचं काजळ. मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाल्या, "मॅडम, हे तिच्या बरणीत भरून ठेवा जी. रिकामी बरणी चांगली नाही दिसत."

मी डोळे मिटून घेतले. आता मॅडम काकूंना झाडणार! पण मॅडमनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि जुन्या बरणीत नवं काही का घालता येत नाही ते शांतपणे समजावलं. काकूंना ते पटलं असं काही वाटलं नाही. पण डबी परत नेणंही त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. "मंग तुम्ही लावा," म्हणाल्या आणि डबी टेबलावर ठेवून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मेश्राम मॅडम काजळ घालून आल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा! 

*

शाळांच्या सहली हा वेगळाच ताप. इजिप्त म्हटलं की पोरांचा एकच प्रश्न, "ममी किधर है?" आमच्याकडे ममी नाही. पण पोरांना ते पटत नाही. त्यांना वाटतं, आम्ही लपवली.

एकदा कारखान्यांच्या वस्तीतल्या, उरल्याकडच्या एका शाळेच्या दोन बसा आल्या. पोरं म्हणजे नुसता धिंगाणा. एक पोट्टा तर दगडी नंदीवर चढून बसलेला! मास्तरांचा आवाज बसला, माझा बसला. शेवटी साहूजींनी पोरांना जवळ बोलावलं, तोंडावर बोट ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "ममी ऊपर स्टोर में सोई है. शोर करोगे तो उठ जाएगी."

काय सांगू! नंदीवरचा पोट्टा आपणहून उतरला. दोन बसा भरून पोरं चवड्यावर चालत अख्खं म्युझियम फिरली. मास्तरांचे डोळे भरून आले. "ऐसा अनुशासन मैंने ज़िंदगी में नहीं देखा," असं म्हणून त्यांनी साहूजींचे हात धरले.

मॅडमना कळलं तेव्हा पोरं बसमध्ये चढत होती. मॅडमनी साहूजींना विचारलं, "साहूजी, अपने यहाँ ममी है?"

"नहीं है, मैडम."

"फिर?"

"मैडम, शांति तो है!"

मॅडम तरातरा जिना उतरल्या, थेट बसमध्ये चढल्या आणि पोरांना म्हणाल्या, "बच्चों, यहाँ कोई ममी नहीं है. तुमसे झूठ कहा गया, उसके लिए माफ़ी." मग दुसऱ्या बसमध्ये चढल्या आणि तेच म्हणाल्या. त्यानंतर त्या बसांमधून जो गोंगाट उठला तो गेटबाहेर गेल्यावरही ऐकू येत होता. बाईंना तत्त्व म्हणजे तत्त्व! मला त्यांचा अभिमान वाटला आणि मास्तरांची दयाही आली.

पुढच्या वर्षी त्याच शाळेच्या प्राचार्यांचा फोन आला. सहलीची तारीख सांगून झाल्यावर दबक्या आवाजात म्हणाले, "वो सोने वाली ममी का इंतज़ाम इस बार भी हो जाएगा ना?"

*

आमच्या गावात मुलगी दाखवायला म्युझियमसारखी जागा नाही. देवळात गर्दी, बागेत ओळखीचे लोक, हॉटेलात गेलं तर समोशांकडे लक्ष. म्युझियममध्ये कसं, सावली आहे, पंखा आहे, आणि बोलायला विषय नसला तर मूर्ती आहेत. दोन्ही घरची मंडळी खाली विष्णूच्या समोर बसतात आणि मुलामुलीला "ऊपर का भी देख आओ" म्हणून वर पाठवतात. वर काय, तर आमची पेटी.

सदर बाजारातल्या एका कपडेवाल्यांची मुलगी अशीच दाखवायला आणली होती. मुलगा उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये इंजिनियर. दोघं पेटीसमोर उभी. पाच मिनिटं झाली, दहा झाली, कोणी बोलेना. साहूजी कोपऱ्यात स्टुलावर बसून छताकडे बघत होते, कान मात्र इकडेच. मी शेजारच्या दालनात फडक्यानं आधीच स्वच्छ असलेली काच पुसत होते. आता ऐकू येईल अशाच ठिकाणी काच असली तर माझा काय दोष?

शेवटी मुलानं धीर केला. "आप... मेकअप करती हैं?"

मुलीनं पेटीकडे पाहिलं. शोकेसवरची पाटी वाचली, पेटी मेलेल्या बाईबरोबर कबरीत ठेवलेली होती असं तीत लिहिलेलं. मग म्हणाली, "इन्होंने तो मरने के बाद भी नहीं छोड़ा. मैं जीते जी कैसे छोड़ दूँ?"

मुलगा आधी दचकला आणि मग जो हसला तो खालच्या मंडळींना ऐकू गेला. साहूजी जिना उतरून माझ्याआधी धावत खाली पोचले. "हो गया, दीदी! पेटी के सामने एक और हो गया!"

साहूजींचा पक्का हिशोब होता. विष्णूसमोर बघितलेलं स्थळ मोडतं, बुद्धासमोर मुलं "सोचेंगे" म्हणतात, पण पेटीसमोर उभं केलेलं जोडपं कधी फुकट गेलं नाही. पेटी बंगल्यावर जाणार हे कळलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "तो फिर शादियाँ कहाँ जमेंगी?"

*

दसऱ्याला आमच्याकडे ऑफिसची पूजा असते. ज्याचं जे हत्यार, त्याची पूजा. टाइपरायटर, शिडी, जीप, साहूजींचा किल्ल्यांचा जुडगा, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. मेश्राम मॅडम पूजेला बसत नसत. त्यांच्या घरी ते नव्हतं. पण बत्तासे मात्र त्या आवडीनं घ्यायच्या आणि आम्हा सगळ्यांना सोनं द्यायच्या.

त्या वर्षी पूजा झाल्यावर साहूजी हळूच वर गेले. पेटी जाऊ नये म्हणून त्यांनी मनातल्या मनात काहीतरी म्हटलं आणि शोकेसच्या काचेवर ओल्या कुंकवाचं एक बोट लावलं. कोणाला सांगितलं नाही. दोन दिवस सुट्टी होती.

सुट्टीनंतर सकाळीच, मॅडम अजून रजेवर असताना, एक रिटायर्ड प्रोफेसर आले. त्यांना इतिहासाचा भारी नाद. ते पेटीसमोर उभे राहिले आणि उभेच राहिले. कारण अगदी समोरून बघितलं तर काचेवरचं कुंकू बरोब्बर झाकणावरच्या बाईच्या कपाळावर येत होतं! प्रोफेसरांनी कोणाला काही विचारलं नाही. लगबगीनं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी गावातल्या एका पेपरात मथळा, "मिस्र की रानियाँ भी लगाती थीं बिंदी!" आणि आमच्या जिन्यावर ही गर्दी! बायका पोरांना उचलून दाखवत होत्या. "देख, बिंदी! देख!" एका आजोबांनी तर हात जोडले.

मॅडम खालून धावत आल्या. एवढी वर्षं रोज ब्रशनं पुसलेला चेहरा तो. बिंदी कुठून आली? समोर उभ्या राहिल्या. बिंदी होती. त्यांनी मान थोडी डावीकडे केली. बिंदी बाईच्या नाकावर गेली. उजवीकडे केली. कमळावर गेली. मग मॅडमनी रुमाल काढला, जरा ओला केला आणि काच पुसून टाकली.

गर्दीतून एक कळवळलेला आवाज आला. प्रोफेसरच होते. "अरे मैडम! मैं तो कल भाषण दे आया!"

साहूजी माझ्या कानाशी पुटपुटले, "नहीं पोंछतीं तो दोनों का काम चल जाता."

साहूजींचं काम काही चाललं नाही. उलटंच झालं. दुपारी दुबेजींचा फोन आला, "साहब ने पेपर पढ़ लिया है. अब तो पेटी चाहिए ही चाहिए!" साहूजी त्या दिवशी जेवले नाहीत. आपल्याच बोटानं घात केला असं त्यांना वाटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं.

*

दिवाळीच्या तोंडावर दुबेजी स्वतः आले, माप घ्यायला. बंगल्यात पेटीसाठी कोपऱ्यात स्टँड करायचा होता. बरोबर सुतार, सुताराकडे टेप. दुबेजी माणूस वाईट नव्हता. सदा घाईत, सदा घाम, सदा "साहब नाराज़ हो जाएँगे."

मॅडमनी शोकेस उघडायला नकार दिला. सुतारानं काचेबाहेरूनच अंदाजानं माप घेतलं. दुबेजी वाकून आत बघत होते. त्यांनी खण मोजले आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"अरे वाह! टीवी का, एसी का, डीवीडी का, डिश का. चार खाने, चार रिमोट!"

मॅडम तिथून तडक निघाल्या. केबिनमध्ये जाऊन बसल्या. मी डबा घेऊन गेले तेव्हा त्या खिडकीकडे तोंड करून होत्या. म्हणाल्या, "ढोबळे, त्या बाईची अख्ख्या जगात एवढी एकच वस्तू उरली असेल. आणि तीत डिशचा रिमोट?" त्यांचा आवाज फुटत होता.  मी त्यांच्या ताटलीत भाजी वाढली, आणि ती तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी चहाला आम्ही सगळे जमलो आणि एकदम साहूजींना युक्ती सुचली. "मैडम, इतना सोचना क्या! बाई साहब आएँगी तो बोल देंगे, कब्र से निकली है. मरी औरत का सामान है. जिसके घर गई, उसके घर..." पुढचं त्यांनी हातानंच दाखवलं.

युक्ती पक्की होती! कुठली सवाष्ण असली वस्तू घरात घेईल? मी तर तिथेच गोष्ट रचायला घेतली. जमीनदारांच्या घरात कोण आजारी पडलं, वाघाला कसर का लागली...

"नाही," मेश्राम मॅडम म्हणाल्या.

"पण मॅडम, पेटी वाचेल!"

"ढोबळे, भूत नसतं हे माझ्या बापानं मला लहानपणी रेल्वेच्या अंधाऱ्या यार्डात नेऊन दाखवलं. आणि मी म्युझियममध्ये बसून लोकांना भुताचा धाक दाखवू? मी त्यांना खरं आहे तेवढं सांगीन. ते ऐकून न्यायची असेल तर नेतील."

"मैडम, ले ही जाएँगे," साहूजी रडवेले झाले.

"तो ले जाएँगे," मॅडम म्हणाल्या. चहा त्यांनी तसाच ठेवला. मला त्या क्षणी त्यांचा राग आला. इतकं कशाला ताठ राहायचं, असं वाटलं.

*

भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी गाडी आली. डायरेक्टर साहेबांना नेमकी त्याच सकाळी कुठे तरी मीटिंग निघाली. दुबेजींनी थर्माकोलचं खोकं आणलं होतं आणि पेटी गुंडाळायला एक जाड रजई. मागून बाईसाहेब.

आम्ही मनात काय काय चित्र रंगवलं होतं! उतरल्या त्या साध्या सुती साडीतल्या, थकलेल्या चेहऱ्याच्या बाई. जिना चढताना मध्ये थांबल्या, साहूजींना म्हणाल्या, "भैया, पानी मिलेगा?"

मॅडमनी स्वतः हिंदीत पेटी दाखवायला सुरुवात केली. आवाज सरळ, शाळेत धडा वाचावा तसा. लाकूड कुठलं, रंग कसले, काजळ कसलं. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ढोबळे, तो वरचा दिवा लाव जरा."

बाईसाहेबांनी चमकून मॅडमकडे पाहिलं. "तुम्ही मराठी आहा काय?"

"हो. भंडाऱ्याची."

"बापा! माह्यं माहेर गोंदियाचं जी!" त्यांचा चेहराच बदलला. "सासर हिंदी, पोरं हिंदी. किती वर्षं झाली, मले कोणी मराठीत हाकच नाही मारली." मग त्या काचेजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "सांगा न, मराठीतच सांगा. कोणाची होती हे?"

"नाव पुसलं गेलंय," मॅडम म्हणाल्या. "पण एका बाईचीच. ती गेल्यावर घरच्यांनी तिच्याबरोबर कबरीत ठेवली. मेल्यावरही माणूस कुठेतरी राहतं आणि त्याला आपल्या वस्तू लागतात, असं ते लोक मानायचे. आपण मानावं असं काही नाही."

साहूजींनी कपाळावर हात मारला.

"मंग कबरीतून इथं कशी आली?"

"कोणीतरी कबर फोडली असेल. बाजारात विकली. एका हौशी माणसानं घेतली. पुढे आमच्याकडे आली."

"म्हंजे तिले कोणी विचारलंच नाही?"

 बाईसाहेबांनी साहूजींचं स्टूल ओढलं आणि पेटीसमोर बसल्या. दुबेजी घड्याळ बघत होते, रजई या हातातून त्या हातात करत होते.

"मॅडम," बाईसाहेब पेटीकडे बघतच बोलत होत्या, "बंगल्यात पलंग सरकारी, परदे सरकारी, चमचेसुद्धा सरकारी. सकाळी उठली का वाटते, कोणाच्या घरी राहून राहिली मी? लग्नात आईनं मले एक लाकडाची डबी देली होती, टिकल्या-बांगड्यांची. एवढ्या बदल्या झाल्या, कोणत्या सामानात कुठी गेली, मले समजलंच नाही. आता कोणी वापरत असंल. नाई तर जाळली असंल."

  साहूजींना मराठीतलं किती समजलं माहीत नाही, पण ते भिंतीकडे तोंड करून उभे होते.

बाईसाहेब उठल्या. काचेवर हात ठेवला, काढला, पदरानं काच पुसली. मॅडमना म्हणाल्या, "कधी कधी येऊ काय जी, पाहाले?"

"केव्हाही या," मॅडम म्हणाल्या.

मग बाईसाहेब वळल्या आणि एकदम साहेबांच्या घरातल्या हिंदीत म्हणाल्या, "दुबेजी, रज़ाई गाड़ी में रख दीजिए."

"जी. और पेटी?"

"साहब से कह दीजिए, जिसकी पेटी है, उसने मना कर दिया."

आणि जिना उतरून गेल्यासुद्धा!

दुबेजींना दरदरून घाम फुटला. तिथेच उभ्या उभ्या त्यांनी मोबाइल लावला. "जी सर... नहीं सर, गुस्सा नहीं हैं... सर, बाई साहब बोलीं कि जिसकी पेटी है, उसने मना कर दिया... पता नहीं सर... जी... जी सर, अभी कराता हूँ."

त्यांनी मोबाइलवर हात ठेवला आणि रडकुंडीला येऊन आमच्याकडे पाहिलं. "साहब बोल रहे हैं, उनसे बात कराइए."

मेश्राम मॅडमनी मोबाइल त्यांच्या हातातून घेतला आणि शोकेसच्या काचेला लावून धरला.